आक्का निवडून यायलाच पाहिजेत

"एवढा लळा लावून घेऊ नगंस, पोरी," असं सुईण बयाबाई म्हणाली होती. बाळाला तेल लावता लावता, सहज.

आदिती हसली होती. "आईनं नाही लावायचा तर कुणी?"

बयाबाईनं वाटीत बोटं बुडवली. बाळाच्या टाळूवर तेल जिरवत राहिली.

ही गोष्ट शिरोळची, आदितीच्या थोरल्या जावेच्या, आक्काच्या माहेरची. आक्का तेव्हा पाठीच्या दुखण्यानं सहा महिने तिथं पडून होती. आदिती तिच्या सोबतीला गेली होती आणि आर्जव तिथंच झाला.

त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. आर्जव धावायला लागला होता, आणि धावायचा तो नेमका आक्काकडं.

आक्काचं नाव राजमती. महापालिकेची निवडणूक आज होईल, उद्या होईल म्हणत थोरले दीर बापूसो पाच वर्षं प्रभागात हात जोडत फिरत होते. शेवटी सोडत निघाली, जागा महिलेला गेली आणि बॅनरवर आक्काचा फोटो चढला. प्रचारासाठी आदिती आर्जवला घेऊन गडमुडशिंगीच्या आपल्या घरून आक्काच्या शहरातल्या घरी राहायला आली.

अर्ज भरताना कारकुनानं विचारलं, "अपत्यं किती?"

आक्का पर्समध्ये चष्मा शोधत होती. "दोन मुली," आदितीनंच सांगून टाकलं.

छाननीत समोरच्या पॅनेलमधल्या एकाचा अर्ज तिसऱ्या अपत्यामुळं बाद झाला. बापूसोंची माणसं खदखदून हसली. "घरातली पोरं मोजता येईनात, आणि शहर चालवाय निघालंय!" आदितीही हसली. आक्का चष्मा पुसत होती.

पदयात्रेत आर्जव आदितीच्या कडेवरून आक्काकडं झेपावला. आक्कानं हार बाजूला सारून त्याला घेतलं. प्रचारात पुढं असणारी शेजारची चिमणाबाई ओरडली, "आगं, काकूच्या हातचं खाऊन पोरगं काकूसारखंच दिसाय लागलं की!"

बायका हसल्या. आदितीनं आर्जवला जवळजवळ ओढूनच घेतलं. "ऊन लागतंय त्याला."

सकाळचे नऊ वाजले होते. निम्म्या बायकांच्या अंगात स्वेटर होते.

आर्जवला झोपताना कान धरायची सवय. आदितीच्या कानाची पाळी दोन बोटांत धरल्याशिवाय त्याचा डोळा मिटत नसे. त्या दुपारी पत्रकं वाटून ती घरी आली, तर तो आक्काच्या कुशीत झोपलेला. हातात आक्काचा कान.

आदितीनं उरलेली पत्रकं खाली टाकली. तिनं वाकून त्याची बोटं एकेक करून सोडवली. तो जागा झाला आणि रडायला लागला.

"निजू दे की त्याला," आक्का म्हणाली. "माझा कान काय झिजतोय व्हय?"

"सवय लागेल, आक्का."

"लागू दे की."

"मग मला जड जाईल."

आक्कानं तिच्याकडं नीट बघितलं. "तुलाच?" एवढंच म्हणाली आणि पदर सावरून उठली.

दुसऱ्या दिवसापासून आदिती आणखी लवकर बाहेर पडायला लागली. मतदारयादी तिला पाठ झाली. कुणाची सून माहेरी गेलीय, कुणाच्या म्हातारीला जिना उतरवत नाही, कुणाचं नाव दुसऱ्याच केंद्रावर गेलंय. तीन मजले चढून ती चिठ्ठ्या देऊन यायची.

"उमेदवार तू हाइस का ती?" चिमणाबाईनं विचारलं. "एवढी वणवण तर आक्का बी करंना."

"आक्का निवडून यायलाच पाहिजेत."

ते खरंच होतं. एकदा नगरसेविका झाली की दारात सकाळपासून नळाच्या, गटारीच्या तक्रारी येणार, वर सभा, उद्घाटनं. बापूसो तर आत्ताच महापौरपदाचा हिशेब घालत होते. मांडीवर पोर घेऊन बसायला आक्काला वेळ कुठला मिळणार? आदिती रोज हेच मनाशी घोकायची आणि पुढची बेल वाजवायची.

मतदानादिवशी तिनं अकरा म्हाताऱ्या रिक्षातून केंद्रावर नेल्या. तिच्या स्वतःच्या बोटाला शाई नव्हती. तिचं नाव गडमुडशिंगीच्या यादीत.

आक्का अडतीस मतांनी पडली.

मतमोजणी केंद्राबाहेर आदिती रस्त्यावरच खाली बसली आणि हमसून हमसून रडली. समोरच्यांचा गुलाल तिच्या केसांत पडत होता. चिमणाबाईनं तिला उठवलं. "सख्खी भन रडणार न्हाय अशी! जाऊ असावी तर अशी, बाई."

घरी माणसं जमली होती. कुणी चहाला हात लावत नव्हतं. आक्काचे डोळे मात्र कोरडे होते. दिवस मावळायच्या आत ती शांतपणे जेवली, हात धुतले. माणसं पांगल्यावर तिनं पक्षाचं उपरणं घडी करून बापूसोंच्या हातात दिलं.

"पुढच्या वेळंला..." बापूसोंनी सुरुवात केली.

"पुढची वेळ न्हाय. एकदाच उभं ऱ्हायचं, असा तुमचा शब्द हाय मला."

बापूसोंनी मान खाली घातली.

आक्का आदितीसमोर येऊन बसली. तिच्या मांडीवर पेंगत असलेल्या आर्जवला तिनं अलगद उचललं आणि त्याची दोन बोटं आपल्या कानाला लावली.

"आदिती, ह्याची कापडं हितंच ऱ्हाऊ देत," ती म्हणाली. "माझ्या तिसऱ्यानं मला काकू म्हणायचं आता बास झालं."

तुमच्यापैकी कुणी त्या गल्लीतून जात असाल, तर दुपारी दोनच्या सुमाराला जा. गेटावर आक्काचा फाटका बॅनर अजून लटकत असेल. निवडणुकीचं काही विचारू नका. आर्जवला झोप लागते का, आणि झोपेत दचकला तर तो आई म्हणून कुणाला शोधतो, एवढं बघून या.