वेळेवरची पाठवणी

दुपारचे तीन वाजायच्या आत नवरीची गाडी मांडवाच्या तोंडाशी येऊन लागली आणि बद्रीनाथ बाजेवरून ताडकन उठला. पोर इतक्या लवकर जाईल असं त्याला वाटलंच नव्हतं. वडवणीकडच्या लग्नात नवरी दिवे लागल्याशिवाय निघते थोडीच!

सायली पुण्यात कंपनीत होती. लग्न ठरलं तेव्हाच बापाला म्हणाली होती, "दादा, माझं लग्न मी स्ट्रीमलाईन करणार."

"म्हंजी काय करनार?"

"जे उगीच वेळ खातं ते काढून टाकायचं. मग बाकीचं कुठं न अडता होतं."

बद्रीनाथला शब्द फार आवडला. महिनाभर पारावर, एसटीत, सोयऱ्याधायऱ्यांत तो मिरवत होता, "आमच्या पोरीनं समदं स्ट्रीमलाईन केलंय!" आणि केलंही होतं. माईकवर नाव पुकारून एकेकाला टॉवेल-टोपी देणं बंद. पुढाऱ्यांची भाषणं बंद. अक्षता चक्क मुहूर्तावर पडल्या. पंगती उठल्या, भांडीसुद्धा घासून झाली. वरपक्षाला रुसायलाही सवड मिळाली नाही.

सायलीची ओटी भरून झाली. आईच्या गळ्यात पडून रडून झालं. बापाच्या पाया पडली तेव्हा त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण सुचेना. सुचायला त्याला संध्याकाळ लागली असती. ती गाडीत जाऊन बसलीसुद्धा.

"मामा, रुखवताची पेटी तेवढी डिकीत ठिवा," म्हणत ड्रायव्हर पप्पूनं त्याच्या हातात चावी दिली. बद्रीनाथनं पेटी ठेवली, डिकी लावली आणि जाऊन बाजेवर बसला.

मग चावी सापडेना. पप्पूनं सीटखाली पाहिलं, सतरंज्या झटकल्या. नवरदेव उतरून बाशिंगासकट गाडीखाली वाकला.

"मामा, तुमच्याकडंच दिलती की!"

"आरं, थितंच बोनटवर ठिवलती," बद्रीनाथ म्हणाला. सदऱ्याच्या खिशात त्याची मूठ घट्ट आवळलेली होती. भर मांडवात खोटं बोलताना त्याला जराही लाज वाटली नाही.

सायली गाडीतून उतरली. शालू सावरत बाजेपाशी आली. बापाच्या तोंडाकडं पाहिलं, मग खिशाकडं. आणि त्याच्या शेजारी टेकली.

"पप्पूभाऊ, सावकाश बघा, घाई नाही," तिनं हाक दिली. मग घराकडं वळून म्हणाली, "आई, चहा टाक गं. गॅसवर नको, चुलीवर टाक."