अडकलेली सूचना

पिंपळवंडीत कुठं बिबट्या दिसला की लोक साक्षीनं बनवलेल्या अ‍ॅपवर टाकायचे आणि गावभर मोबाइल वाजायचे. आता कोणी कोणाला फोन करत बसत नसे. दुपारी तिनं त्यातलं नकाशाचं पॅकेज अपडेट केलं आणि अ‍ॅपवर टाकलेलं पुढं जाणंच बंद पडलं. दिवस मावळला तरी अ‍ॅपचं बिल्ड होईना, सगळे भाग जुळून ते पुन्हा उभं राहीना. एका पॅकेजला जुनं व्हर्जन हवं होतं, दुसऱ्याला नवंच. एक एरर काढली की दुसरी उभी राहायची.

बाहेर मोत्या सारखा भुंकत होता.

“का एवढा भुकतोय गं हा?” साक्षीची आई पुष्पा म्हणाली.

“आई, त्याला गप कर आधी. माझं डोकं चालंना.”

पुष्पा बॅटरी घेऊन गोठ्याकडं गेली. थोड्या वेळानं मोत्या गप्प झाला. साक्षीला बरं वाटलं. तिनं नकाशाचं जुनं व्हर्जन परत बसवलं. या वेळी बिल्ड झालं. दुपारपासून अडकलेल्या सूचना सुटल्या आणि तिचा मोबाइल वाजला.

शेजारच्या प्रबुद्धनं उन्हं उतरताना टाकलं होतं, “पुष्पाकाकी, तुमच्या गोठ्यामागं बिबट्या बसलाय. मोत्या कितीबी भुकला तरी बाहेर येऊ नका.”