सरासरीतला कान

"वनिता नॉर्मल आहे," गुप्ते मॅडम म्हणाल्या. तालुक्याच्या तपासणी केंद्रातल्या यंत्रावर हिरवा दिवा लागला होता.

ठकी मुकणे गोंधळली. सहा वर्षांच्या लेकीच्या पाठीमागे जाऊन तिने जोरात टाळी वाजवली. वनिता भिंतीवरच्या पालीकडे बघत राहिली.

"बाई, हिला ऐकूच येत नाय. कानाचं मशीन पायजे."

आता मॅडमही गोंधळल्या. त्यांनी अहवाल पुन्हा वाचला. 'कातकरी मुलांच्या मानाने श्रवण ठीक. श्रवणयंत्र नामंजूर.'

जुनं तपासणी-यंत्र कातकरी वाडीतल्या सगळ्याच पोरांना मंद ठरवायचं. त्यावर आईबापांनी मोर्चा काढला. तेव्हापासून, न्याय म्हणून, नवं यंत्र प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच जातीच्या मुलांशी करायचं. वाडीतल्या पोरांचे कान मात्र वर्षानुवर्षं वाहत होते आणि औषध कुणी दिलंच नव्हतं. त्यामुळे त्यांची सरासरीच खाली होती आणि वनिता तिच्यात बसली होती.

"त्या मोर्च्यात मीपण होते," ठकी पुटपुटली. "पण या मशीनला आमची जात सांगितली कुणी?"

"तुम्हीच दाखला जोडलात ना अर्जाला."

जोडला होता खरा. दाखल्याशिवाय कुठे काही मिळत नाही, म्हणून तिने तो प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणला होता. ती त्याच्याकडे बघत बसली. मग तिने मान वर केली.

"बाई, तुमच्या जातीच्या पोरांना ऐकू येतं ना?"

"येतं... म्हणजे..."

"मग आजच्यापुरती हिची तीच लिहा."