तुझ्याच हातचा रंग

पन्नाशीत नोकऱ्या सोडून आईबाबा जगप्रवासाला निघाले, तेव्हा लेकीनं आपल्या पार्लरमध्ये आईचे केस रंगवून दिले.

"महिन्याभरात मुळं पांढरी दिसायला लागतील हं."

"दिसू देत! दुसऱ्या कुणाला डोक्याला हात लावू द्यायची नाही मी. परत आले की तूच रंगव."

बाबा रोज न चुकता नव्या जागेवरचा आईचा हसरा फोटो पाठवत. फोन केला की म्हणत, "चालून चालून दमलीये गं, आत्ताच डोळा लागलाय तिचा."

पाच महिने झाले. कामाच्या सवयीनं लेकीनं आज सकाळी आलेला फोटो मोठा करून आईचा भांग पाहिला.



केस मुळापासून काळेभोर होते, तिनं रंगवून दिले होते तस्से.