वैशाखातल्या करंज्या

तेल तापलं, तरी हौसाचा हात करंजी सोडायला धजेना. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात वर्षभर सणासाठी कढई चढत नाही. नवऱ्याचं, बाबाजीचं, वर्षश्राद्ध परवाच झालं. आता कुणाची ना नव्हती, पण हातालाच सवय उरली नव्हती.

त्यातून भर वैशाख. पेणच्या गल्लीत दुपारी कुत्रंही बाहेर पडत नाही, अशा उन्हात ही बाई दिवाळीचा फराळ करायला बसलेली. "आई, लोक हसतील," असं बजावून मुलगा नितेश रोह्याला कंपनीत शिफ्टला गेला होता. हसू देत, म्हणून तिनं डोळे मिटून पहिली करंजी सोडली. ती फुगून वर आली तेव्हा कुठे हौसाचा जीव भांड्यात पडला.

फराळ होता मैत्रिणींसाठी. पापडाच्या कारखान्यात तिच्यासोबत लाटायला बसणाऱ्या तिघी, पिंकी, दिशा आणि गेल्या वर्षी लग्न होऊन आलेली ऋतुजा. वर्षभर एकही सण त्यांनी हौसाच्या दारावरून कोरडा जाऊ दिला नव्हता. गणपतीतले मोदक, दिवाळीचं ताट, होळीची पोळी, सगळं बिनबोभाट घरपोच. कायम घेणारा हात आपलाच, हे हौसाला टोचत होतं. आज तिला एकदा तरी त्यांना वाढायचं होतं.

तिघी आल्या. दारात रांगोळी आणि भर दुपारी लावलेली पणती बघून पिंकी थबकली.

"काय गो हौसाताई, कॅलेंडर उलटं टांगलंस का?"

"हात धुवा आणि बसा."

ताटं मांडली. चकली, शेव, पोह्यांचा चिवडा, करंज्या. तिघी बसल्या खऱ्या, पण ताटाला कुणी हात लावेना. नुसत्या बघत राहिल्या. अवघडल्या असतील, असं हौसाला वाटलं. मग तिनंच थट्टा काढली.

"उचला की. ऋतुजाच्या करंज्यांपेक्षा बऱ्या झाल्यात."

"माझ्या?" ऋतुजा म्हणाली.

"दिवाळीला आणलेल्यास त्या. पिठीसाखरेच्या जागी मीठ घातलं होतंस, बाय."

ऋतुजा पांढरीफटक पडली. "आणि तुम्ही खाल्ल्यात, काकी?"

"खाल्ल्या की. मिठागरावर वाढले मी, मिठाला काय भिते?" हौसा हसली. "पण तुझ्या घरात कुणी बोललं नाय?"

"घरी बाजारातल्या आणल्या होत्या. त्या फक्त तुमच्यासाठी केलेल्या."

"अगो, मग एक तरी चाखून बघायची."

ऋतुजानं मान खाली घातली.

"ती कशी चाखेल?" पिंकी म्हणाली. "तिनं नाय खाल्ली, दिशानं नाय, मी नाय. घरच्यांना सगळं वाढलं. आपल्या तोंडात नाय घातलं."

"दिवाळीला?"

"वर्षभर," दिशा म्हणाली. "प्रसादाचा मोदक हातात आला, तर कपाळाला लावून पोराला दिला."

"असं ठरवलंत तुम्ही?" हौसानं विचारलं.

"ठरवायचं काय त्यात?" पिंकी म्हणाली. "तुझ्याकडं कढई नाय चढत, तर आमच्या घशाखाली कसं उतरेल? मला वाटलं, मी एकटीच. होळीला पोळीवरून विषय निघाला, तेव्हा कळलं तिघींचं तेच."

याच बाया हौसाच्या मांडीला मांडी लावून पापड लाटत होत्या. सासवांची उणीदुणी काढत होत्या, तिला हसवत होत्या, आणि यातलं अक्षरही कुणी तोंडातून काढलं नव्हतं. आपण कोणाला फराळाला बोलावलंय, ते तिला आत्ता कळलं. भरून तर आलंच, पण त्याहून धाक वाटला.

ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. पिंकीसमोर वाकून तिनं उजव्या हातात पाणी घेतलं आणि ताटाभोवती गोल सोडलं. मग दिशाच्या. मग ऋतुजाच्या.

"अगो ताई, असं देवाच्या ताटाला करतात," पिंकी पुटपुटली.

"व्हय," हौसा म्हणाली. "खा आता."