कानामागचं बटण

"शाल्मली, बोलायला शिकवायला घरी बाई येतात, त्या अजूनही हव्यात का गं तुला?" पुनर्वसन केंद्रातल्या दाभाडे मॅडमनी विचारलं.

"नकोत. मी आता बरी आहे," नऊ वर्षांच्या शाल्मलीच्या कानामागचं बटण तिच्याच आवाजात म्हणालं. तिचे ओठ मात्र हलले नाहीत.

मॅडम खूश झाल्या. "बघा! डोक्यात येईल ते बटण जसंच्या तसं बोलतं. म्हणजे घरी येणाऱ्या बाई आता बंद करू या."

तिच्या आईला, विनयाला, ते पटेना. अपघातात मेंदूला मार बसल्यापासून लेकीला शब्द सापडत नव्हते, आणि त्याच बाईंची ती रोज दारात वाट बघायची. बटण केंद्रानंच दिलेलं, बाईंचा पगारही केंद्रच द्यायचं, आणि नकारही केंद्राच्याच सोयीचा.

"चल, निघू या. मॅडमना सांग," विनया म्हणाली.

"मी जाते," बटण म्हणालं.

विनया दारातच थबकली. निघताना 'जाते' म्हणणं घरात अशुभ मानायचे. एकदा मामा चुकून 'जातो' म्हणाला, तेव्हा शाल्मलीनंच त्याला हाताला धरून परत आत आणून बसवलं होतं.

विनयानं बटण काढून मुठीत धरलं. "आता तू सांग."

"अहो, त्याच्याशिवाय तिला बोलता येत नाही!" मॅडम उठल्याच.

शाल्मलीचा चेहरा लाल झाला. ओठ थरथरले, मिटले, पुन्हा उघडले.

"ये... ये... ते."

विनया लेकीला घेऊन परत आत आली आणि खुर्ची ओढून बसली.

"मॅडम, मघाचा प्रश्न पुन्हा विचारा. या वेळी हिला."