मागच्या मागे

शिंप्याने गिअरची दांडी ‘डी’वर आणली आणि पाय दाबला. इंजिन बोंबललं, पण गाडी जागची हलली नाही.

“अगं, चालत नाहीये ही!”

“ओरडू नकोस, गाडीला कान नसतात,” मागच्या सीटवरून त्याची बायको म्हणाली. तिने दोन्ही हातांनी पोट धरलं होतं. सकाळपासून कळा येत होत्या.

सगळ्या शहरात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून परत धड बसवणारी ती एकटीच. लोक तिला गिअरवालीच म्हणत. घराखालच्या तिच्या गॅरेजात आज तीन-चार गाड्या उभ्या होत्या, पण सगळ्यांची आतडी टेबलावर काढून ठेवलेली. स्वतःची गाडी तेवढी ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणत राहून गेली होती. अँब्युलन्स पार दुसऱ्या टोकाला अडकली होती. आणि शिंप्याला गाडी येत होती ती नावापुरती. समोरून सायकल आली तरी तो डोळे मिटून घ्यायचा.

“इंजिन चालू राहू दे. उतर, बॉनेट उघड,” तिने फर्मावलं. “गिअरच्या तेलाची पट्टी ओढ. तेल खुणेपर्यंत आहे?”

“आहे.”

“रंग सांग.”

“काळपट. जुन्या कोटाच्या अस्तरासारखा.”

“वास?”

शिंप्याने पट्टी नाकाशी नेली. “इस्त्रीखाली कापड जळावं तसा.”

तेवढ्यात कळ आली. पुढच्या सीटची पाठ तिने अशी आवळली की शिवण उसवली. शिंप्याने पट्टी कशीबशी परत खोचली. कळ ओसरली आणि बाई जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, “आता बस आत. ‘एल’ टाक, सगळ्यात खालचा गिअर. ओढते?”

“नाही गं.”

“‘आर’ टाक. हळू.”

गाडीने एक हिसका दिला आणि झोकात मागे निघाली. शिंप्याने घाबरून ब्रेकवर उभं राहायचंच बाकी ठेवलं.

गिअरवालीचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा खुलला. “तरीच! तेल आहे, पंप चालतोय, रिव्हर्स धरतोय. पुढे नेणारा क्लच जळालाय, बाकी गिअरबॉक्स ठणठणीत आहे!”

“अगं, पण मग आता काय करायचं?”

“करायचं काय? रिव्हर्स आहे ना? चल.”

“दवाखान्यापर्यंत? उलटं?”

“मी क्लच बदलेपर्यंत बाळ थांबणारे का? चल रे!”

शिंप्याने मान मागे वळवली, एक हात सीटवर टाकला आणि देवाचं नाव घेतलं. घूंऽऽ करत गाडी गल्लीतून निघाली. आता मागची काच म्हणजे समोरची, आणि त्या काचेच्या अलीकडे, अगदी हातभरावर, बायकोचं तोंड. डोळे मिटायची सोयच उरली नाही. “डावीकडे घे. तुझं डावं नव्हे, माझं!” ती सांगत होती, आणि मधेच कळ आली की तिच्याबरोबर तोही कण्हत होता.

भाजीवाले टोपल्या उचलून बाजूला झाले. दुसऱ्या मजल्यावरून एका आजोबांनी टाळ्या वाजवल्या. चौकात हवालदार शिट्टी फुंकत आडवा आला.

“अहो, पुढे बघून चालवा!”

“पुढेच बघतोय, साहेब!” शिंपी म्हणाला.

हवालदाराने आत वाकून पाहिलं. गिअरवालीने नेमकी तेव्हाच एक किंकाळी फोडली. हवालदाराने शिट्टी थुंकून टाकली, मोटरसायकलला किक मारली आणि “बाजूला व्हा! बाळ येतंय!” असा पुकारा करत रस्ता मोकळा करू लागला. सगळा बाजार एका बाजूला झाला. शिंप्याला वाटलं, आपण आता उडतोय. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला गाडी चालवताना हसू येत होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, यंत्रावर बाळाचे ठोके ऐकले, परत तपासलं आणि हातमोजे काढले.

“बाळ मजेत आहे. पण ह्या खोट्या कळा. अजून सहज आठवडा जाईल. घरी जा, आराम करा.”

“खोट्या?” गिअरवाली उठून बसली. भल्याभल्या गाड्यांची नाडी ओळखणारी बाई, आणि स्वतःच्या पोटाने तिला साफ फसवलं होतं. ती खाटेवरून उतरली आणि नवऱ्याचा दंड धरून बाहेर आली.

पायऱ्यांशी हवालदार उभा होता. कुठूनतरी झेंडूची दोन फुलं पैदा करून आणली होती त्याने.

“मुलगा की मुलगी?”

“काहीच नाही,” शिंपी खाली मान घालून म्हणाला. “परत चाललोय.”

हवालदाराने गाडीकडे पाहिलं. मग ह्या दोघांकडे. मग परत गाडीकडे.

“परत... असंच?”

“दुसरं काय करणार?”

हवालदाराने गंभीरपणे हेल्मेट चढवलं. “चला. आता रस्ता मलाही पाठ झालाय.”

आधी शिंपी फिसकन हसला. मग हवालदाराचं हेल्मेट गदागदा हलू लागलं. गिअरवालीने ओठ दाबून धरले, पण तिला ते काही जमलं नाही. ती हसत सुटली. हसता हसता पायरीवर बसली, डोळे पुसले, नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खो खो हसू लागली. रांगेतले पेशंटही कारण न कळता हसू लागले.

आणि एकदम ती थांबली. खालची पायरी ओली झाली होती. तिने हात लांब करून शिंप्याचा सदरा गच्च पकडला.

“अरे,” ती म्हणाली, “ही खरी.”